आमची वाटचाल : सूर विरतो तिथं

सप्ताहात पहाटे तीनच्या सुमारास देवळात माणसं थोडी उरतात. पाळी बदलते, नवे बुवा बसतात आणि खर्जात, अगदी हळू सुरुवात करतात. त्या वेळी आमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा दोष मला पहिल्यांदा ऐकू आला. संध्याकाळी टाळ-पखवाजाच्या दणक्यात सगळं स्वच्छ वाटलं होतं. आता मात्र प्रत्येक स्वर विरताना शेवटाला बारीक खरखर येत होती. पाळी संपल्यावर बुवा एवढंच म्हणाले, "बाबू, सूर विरतो तिथं तुझं मशीन चावतं."

तोवर गोव्यातलं आमचं रायबंदरचं वर्कशॉप म्हणजे मुख्यतः दुरुस्तीचं दुकान. जळलेले २एन३०५५ ट्रान्झिस्टर बदलायचे, भोंग्यांची कॉइल भरायची, आणि मागणी आली की छापील सर्किटवरून एखादा सेट बांधून द्यायचा. 'किती वॉट?' एवढंच गिऱ्हाईक विचारायचं, आणि आम्हीही तेवढंच बघायचो.

दोष शोधायला मी जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेतला. १ किलोहर्ट्झची शुद्ध लहर आत सोडायची, बाहेर आलेल्या लहरीतून ती १ किलोहर्ट्झ गाळून टाकायची आणि उरेल ते पडद्यावर बघायचं. उरलेल्यात टोकदार काटे दिसले, लहर शून्यातून जाते नेमक्या त्याच जागी. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा; वरचा काम सोडतो आणि खालचा उचलतो, त्या हस्तांतरातला हा सांधा, म्हणजे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. आवाज मोठा असेल तर काटा त्यात बुडून जातो, लहान आवाजात तोच उघडा पडतो. मोठ्या आवाजावर घेतलेलं मोजमाप आम्हाला इतकी वर्षं फसवत होतं.

घाईने मी बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरांतून वाहत ठेवलेला थोडा प्रवाह, वाढवला. काटे गेले, पण हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, तापलं आणि दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम चालू असतात त्या पट्ट्यात दुसऱ्याच तऱ्हेची विकृती आली. बायस कमी चालत नाही तसा जास्तही चालत नाही. त्या दोन ट्रान्झिस्टरांना जोडलेल्या ०.२२ ओहमच्या दोन रोधकांवर मिळून ५० मिलिव्होल्टच्या आसपास तो बसवावा लागतो, आणि तिथं टिकवणं हीच खरी मेहनत. ट्रान्झिस्टर १ अंश तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज, म्हणजे त्याला चालू ठेवायला लागणारा व्होल्टेज, सुमारे २ मिलिव्होल्ट घसरतो. म्हणून बायस सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर आम्ही पीसीबीवर (छापील सर्किटच्या बोर्डवर) न ठेवता हीटसिंकलाच आवळला, म्हणजे तोही सोबत तापतो आणि बायस सावरतो.

मी रोज चोडणहून फेरीबोटीने येतो. निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना अमेरिकन अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली हडसन नदीवरच्या फेरीबोटीतच सुचली, आणि त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्रावर लिहून काढली, हे वाचलं त्या दिवशी मी मांडवी नदीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणारा थोडा सिग्नल उलटा करून परत आत दिला की चूक स्वतःला खोडते. पण उंच कंपनांवर फीडबॅकची ताकद कमी होते, आणि क्रॉसओव्हरचे काटे तिथवर पसरतात. आधी सर्किट नीट हवं, मग फीडबॅक.

सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते तारांनी. एकाच आकृतीचे, एकाच दिवशी सोल्डर केलेले दोन सेट, पण एकाची विकृती दुसऱ्याच्या जवळजवळ दहापट. बोर्ड बदलले, ट्रान्झिस्टर बदलले, काही फरक नाही. शेवटी आमच्या पोरीने पेन्सिलीने पुरवठ्याची तार सहज बाजूला सारली आणि पडद्यावरची रेघ खाली बसली. त्या तारेत अर्ध्या-अर्ध्या लहरींचा प्रवाह धावतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या इनपुटमध्ये शिरत होतं. आता धन आणि ऋण तारा आम्ही एकमेकींना पीळ देऊन, इनपुटपासून लांबून नेतो. कागदावरच्या आकृतीत ही तार नुसती सरळ रेघ असते.

गोव्याच्या पावसाने वेगळं शिकवलं. जून ते सप्टेंबर दमटपणा पीसीबीवर बसतो आणि कनेक्टर काळे पडतात. आता बोर्ड धुऊन, वाळवून त्यावर लाखेसारखा थर देतो.

त्याच बुवांना दुसऱ्या श्रावणात नवा सेट दिला. पहाटेच्या पाळीनंतर ते मशीनबद्दल काहीच बोलले नाहीत, पण पुढचे तीन मृदंगवाले आणि दोन देवस्थानं त्यांच्याकडून आली.

आता प्रत्येक सेट आधी १ वॉटवर तपासतो, पूर्ण ताकदीवर नंतर. बायस अर्धा तास तापल्यावरच बसवतो. यंदा सहा नग बाकावर आहेत, त्यांतले दोन अजून तापायचे आहेत.