मज्जारज्जूच्या इजेनंतर इंग्लंडमध्ये: रोजची काळजी, हक्क आणि आधार

इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलाला अपघात झाला, मज्जारज्जूला इजा झाली, असा फोन घरी जातो तेव्हा आई-वडिलांचा पहिला प्रश्न "पुन्हा चालेल ना?" हाच असतो. पहिल्या काही आठवड्यांत इथले डॉक्टर त्याचं ठाम उत्तर देत नाहीत. ते काही लपवत नसतात. इजेनंतर मज्जारज्जू काही दिवस ते काही आठवडे ‘स्पायनल शॉक’मध्ये असतो आणि इजेच्या खालचे रिफ्लेक्सही (आपोआप होणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया) तेव्हा बंद पडलेले असतात. म्हणून अंगाचा एकेक भाग टाचणीने आणि कापसाने तपासतात, गुदद्वाराजवळची संवेदना आणि आकुंचन पाहतात. तिथे थोडं जरी जाणवलं तरी इजा ‘अपूर्ण’ धरली जाते आणि सुधारणेची आशा बरीच वाढते. त्यामुळे घरच्यांनी आधी विचारायचं ते हे: इजा कोणत्या पातळीची, म्हणजे कोणत्या मणक्याजवळची आहे, आणि पूर्ण आहे की अपूर्ण?

अपघातानंतर रुग्णाला ‘मेजर ट्रॉमा सेंटर’मध्ये, म्हणजे गंभीर अपघातांच्या मोठ्या हॉस्पिटलात नेतात. तिथल्या सर्जनने निदान झाल्यापासून ४ तासांच्या आत जोडलेल्या स्पायनल सेंटरशी (मज्जारज्जूच्या इजेच्या खास केंद्राशी) संपर्क करावा, अशी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. इंग्लंडमध्ये अशी खास सेंटर्स ८ आहेत: स्टोक मँडेविल, स्टॅनमोर, सॉल्झबरी, ऑस्वेस्ट्री, साउथपोर्ट, शेफील्ड, वेकफील्ड आणि मिडल्सब्रो. खाटा मोजक्या असल्यामुळे तिथे जागा मिळायला थांबावं लागतं. या मधल्या काळात साध्या वॉर्डातल्या नर्सना स्पायनल रुग्णाची, विशेषतः पोट साफ करण्याची, सवय असेलच असं नाही. तेव्हा स्पायनल सेंटरच्या ‘आउटरीच’ नर्सला, म्हणजे इतर हॉस्पिटलांत जाऊन मदत करणाऱ्या नर्सला बोलवा, असा आग्रह धरावा. वॉर्डात मराठी किंवा हिंदी दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. औषधं आणि ऑपरेशनच्या बोलण्यात मित्राला दुभाषा करू नये.

स्टोक मँडेविलचं नाव पॅरालिम्पिकमुळे अनेकांना माहीत असतं. नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू न्यूरोसर्जन लुडविग गुट्टमन यांनी १९४४च्या फेब्रुवारीत तिथे स्पायनल युनिट सुरू केलं. त्याआधी अशा बहुतेक रुग्णांचा बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मृत्यू होत असे. गुट्टमन यांनी दिवसरात्र दर २ तासांनी कूस बदलायचा नियम घातला, लघवीची काळजी शिस्तीत आणली आणि रुग्णांना खाटेवरून उठवून कामाला आणि खेळाला लावलं. २९ जुलै १९४८ला हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली, पॅरालिम्पिकची मुळं तिथली. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, ते याच परंपरेतल्या खेळांत.

त्या शिस्तीतला जो भाग आपल्याकडे सर्वांत कमी पोहोचला आहे, त्याबद्दल मुख्यतः लिहायचं आहे. इथल्या स्पायनल सेंटरमध्ये रुग्णाला स्वतःची काळजी चालवायला शिकवतात. हात चालत असतील तर स्वतः करायचं. मानेतल्या इजेमुळे हातही चालत नसतील, तर नव्या मदतनिसाला एकेक पायरी तोंडाने सांगता आली पाहिजे: कॅथेटर (लघवीची नळी) कसा लावायचा, मांडीखाली पट्टा कुठे घ्यायचा, कुशन कसं तपासायचं. हे जमल्याशिवाय तयारी पूर्ण झाली असं धरत नाहीत. आपल्या घरांत माया अपार असते. "तू पडून राहा, आम्ही आहोत ना," असं आपण मनापासून म्हणतो. पण सगळं आईच्या हातात राहिलं की आई आजारी पडेल त्या दिवशी मुलाचं काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नसतं, मुलालाही नाही. तेव्हा इंग्लंडात आलेल्या आई-वडिलांनी फिजिओ शिकवत असताना मध्ये हात घालू नये. शेजारी बसून पाहावं आणि लिहून घ्यावं.

त्वचेपासून सुरू करू, कारण बरीच माणसं हॉस्पिटलात परततात ती बेडसोअरने. व्हीलचेअरवर बसल्यावर सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. तिथलं रक्त थांबतं आणि दुखत नसल्यामुळे कळत नाही. पूर्वी हातांवर जोर देऊन अंग काही सेकंद उचलायला शिकवत. ते पुरत नाही, आणि वर्षानुवर्षं केलं तर खांदे जातात. त्वचेत प्राणवायू पूर्ववत यायला जवळपास २ मिनिटं लागतात. म्हणून आता दर अर्ध्या ते एक तासाने छाती मांड्यांवर टेकवून पुढे वाकायचं, किंवा टेबलावर कोपर टेकवून आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला कलायचं, प्रत्येक वेळी २ मिनिटं. फोनवर गजर लावून ठेवावा.

हवेच्या कप्प्यांचं कुशन असेल तर ते रोज तपासायचं. माणूस बसलेला असताना हाताचा पंजा माणूस आणि कुशन यांच्यामध्ये सरकवायचा आणि बैठकीचं सर्वांत खाली आलेलं हाड शोधायचं. हाड आणि कुशनचा तळ यांत साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर हवा हवी. त्याहून कमी असेल तर हाड तळाला टेकतं. जास्त हवा भरली तर माणूस कुशनमध्ये न बुडता वर तरंगतो, वजन पुन्हा त्याच दोन ठिकाणी येतं आणि तोलही जातो. "मऊ हवं" म्हणून घरच्यांनी वर जाड गोधडी घातली तर कप्प्यांचा उपयोगच उरत नाही.

सकाळ-संध्याकाळ आरशात माकडहाड, बैठक, टाचा आणि घोटे पाहायचे. इंग्रजी पत्रकांत ‘लाल डाग’ पाहा असं लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट भाग दिसतो का ते पाहायचं आणि हाताच्या मागच्या बाजूने गरम, टणक किंवा भुसभुशीत लागतं का ते चाचपायचं. अर्ध्या तासात डाग गेला नाही तर त्या जागेवर बसायचं नाही, लग्न असो की परीक्षा.

आणि शेक. पाय गार लागले की गरम पाण्याची पिशवी ठेवायची ही आपली सवय इथे घात करते. संवेदना नसलेल्या पायाला चटका बसला तर तो तेव्हा कळत नाही, फोड दिसल्यावर कळतो. गरम चहाचा कप मांडीवर नको, लॅपटॉपही नको. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि तपासायचं ते संवेदना शाबूत असलेल्या भागाने. सुरुवातीच्या काळात पायांना जोरात मालिशही नको. पायाच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

टी-६ (छातीच्या मणक्यांपैकी सहावा) किंवा त्याहून वरची इजा असेल तर ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ हे नाव घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. इजेच्या खाली काहीतरी खुपत असतं, मेंदूला ते कळत नाही, आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. अशा माणसाचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० असतो. त्यामुळे १४० दिसला तर अनोळखी डॉक्टरला तो किरकोळ वाटतो, पण या माणसासाठी ती आणीबाणी असते. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. ताबडतोब उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टा आणि बूट सैल करायचे. आडवं अजिबात करायचं नाही, आडवं केल्याने दाब आणखी चढतो. मग लघवीची नळी पिळली किंवा दबली आहे का, पिशवी भरली आहे का ते पाहायचं. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. नळी तुंबली असेल तर बदलायची. तिथे काही नसेल तर पोट, म्हणजे अडकलेला मळ, आणि त्यानंतर त्वचा, रुतलेलं नख, चुरगळलेलं कापड. दाब उतरत नसेल तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं औषध द्यायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी घेतली असेल तर ते आधी सांगायचं, कारण त्यावर रक्तदाब उतरवणारा नायट्रेटचा स्प्रे धोक्याचा. या सगळ्याची माहिती असलेलं छोटं कार्ड खिशात ठेवायचं.

लघवीसाठी दिवसातून ४ ते ६ वेळा स्वच्छ हातांनी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करणं ही इथली नेहमीची पद्धत आहे. एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही. एकदा वापरून टाकायचे कॅथेटर प्रिस्क्रिप्शनवर घरपोच येतात. बाहेर जायचं म्हणून पाणी न पिणं ही सर्रास होणारी चूक, त्याने संसर्ग आणि खडे दोन्ही वाढतात. लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नये. ताप, थंडी, स्नायूंचे वाढलेले झटके असं काही असेल तर घ्यावं लागतं. पोटासाठी वेळ ठरलेली हवी, खाल्ल्यानंतर २०-३० मिनिटांनी, कारण तेव्हा आतडी आपोआप हलतात.

पैशाचं आणि व्हिसाचं नीट समजून घ्या. विद्यार्थी किंवा वर्क व्हिसावर ‘पब्लिक फंड्स’ म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घेता येत नाहीत, आणि ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ हा अपंगत्वाचा भत्ता त्यातच मोडतो. एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार मात्र मिळतात, त्यासाठीचा सरचार्ज व्हिसाबरोबर भरलेला असतो. काळजीची गरज तपासण्याची मागणी स्थानिक कौन्सिलकडे करता येते, आणि २०१०च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली नोकरीच्या किंवा शिकण्याच्या ठिकाणी योग्य सोयी मागण्याचा हक्क व्हिसा कोणताही असला तरी राहतो. कायम राहण्याचा परवाना असलेल्यांना घरात रॅम्प, लिफ्ट, बाथरूम करायला ‘डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट’ मिळू शकते, इंग्लंडात ३०,००० पौंडांपर्यंत, उत्पन्न पाहून. दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला असेल तर भरपाईचा दावा साधारणपणे ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. या सगळ्यात कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ‘स्पायनल इंजुरीज असोसिएशन’च्या मदतवाहिनीला फोन करावा. १९७४ सालची ही संस्था आहे.

माणसं मनाने उभी राहतात ती मात्र दुसऱ्या व्हीलचेअरवाल्याला भेटल्यावर. ‘बॅक अप’ ही संस्था १९८६पासून हेच काम करते. तिथे व्हीलचेअर चालवायला शिकवणारे स्वतः व्हीलचेअरवर असतात. पुढची छोटी चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर तोल कसा सांभाळायचा, फुटपाथची कड कशी उतरायची, पडलात तर हनुवटी छातीला लावून डोकं कसं वाचवायचं हे ते करून दाखवतात. नवऱ्याला, बायकोला, आई-वडिलांनाही त्याच अवस्थेतून गेलेल्या कुटुंबाशी फोनवर जोडून देतात. आपल्या माणसांना हे संकोचाचं वाटतं, घरातलं बाहेर कसं सांगायचं म्हणून. संकोच बाजूला ठेवून तो फोन करा. मैत्रीण, लग्न, मूल हे प्रश्नही तिथे मोकळेपणाने विचारता येतात, आणि मुलाला ते वडिलांसमोर विचारायचे नसतात.

परत यायचं ठरलं तर महाराष्ट्रातही आधार आहे. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सैनिकांसाठी आहे, हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सर्वांसाठी, आणि मुंबईतलं नीना फाउंडेशन मज्जारज्जूच्या इजेवरच काम करतं. यूडीआयडी कार्ड (सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) काढून घ्यावं. उन्हाळ्यात जास्त जपावं, कारण वरच्या पातळीच्या इजेत खालच्या अंगाला घाम येत नाही आणि ताप चढतो. पाण्याचा स्प्रे जवळ ठेवावा.

विमानासाठी एअरलाइनला किमान ४८ तास आधी कळवा आणि व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत नेऊ द्या असं सांगा. सुटे होणारे भाग काढून स्वतःजवळ ठेवा. कॅथेटर सामानात देऊ नका, सगळे हातातल्या बॅगेत. कुशन विमानाच्या सीटवर घालून त्यावर बसा. उंचीवर केबिनचा दाब कमी झाला की हवेचं कुशन फुगतं, तेव्हा थोडी हवा सोडावी लागते, आणि मुंबईला उतरल्यावर तेच कुशन चपटं पडलेलं असतं. खाली उतरताच, व्हीलचेअरवर बसण्याआधी हवा भरा आणि हात घालून तपासा.