वाई, महाबळेश्वर, पोलादपूर: मार्चमधला घाट आणि मधमाश्या

पुण्याहून कोकणात उतरायला वाटा पुष्कळ. ताम्हिणी आहे, वरंधा आहे. पण मार्च महिन्यात मी वाई, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने पोलादपूर हीच वाट धरतो. पावसाळ्यातल्या हिरव्यागार घाटाचे फोटो सगळेच टाकतात, मला मात्र हा वाळका घाट जास्त आवडतो. गवत पिवळं पडलेलं असतं, काटेसावर आणि पांगारा पानं टाकून लालभडक झालेले असतात, पळस पेटलेला असतो. झाडं फुलली की माश्या आल्याच. मोटारीच्या काचा वर करून जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. बाईकवाल्याची मान, मनगटं आणि हनुवटी उघडी असते, त्यामुळे त्याला या ऋतूचा विचार करूनच निघावं लागतं.

या वेळी दोन बाईक होत्या. एक माझी, मागे बायको, आणि दुसरी मामेभावाची. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वाईकडे वळलो. या रस्त्यावरचे जुने वड अजून जिथे जिथे उभे आहेत तिथे गाडी आपोआप हळू होते. ऊन वर आलं होतं, गरम व्हायला लागलं होतं, म्हणून पुढे चाललेल्या मामेभावाने हेल्मेटची काच थोडी वर केली होती. अचानक त्याची मान एका बाजूला कलली. पण गाडी रेषेतून हलली नाही. त्याने काच पूर्ण उघडली, ॲक्सिलरेटर सोडला, आरशात पाहिलं, डावा इंडिकेटर दिला, सावकाश कडेला येऊन साईड स्टँड लावला आणि मग हेल्मेट काढलं. आतून माशी उडून गेली. त्याच्या कानशिलावर एक डंख होता.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे बहुतेक जण याच्या नेमकं उलटं करतात. काहीतरी टोचलं की हात आधी मानेवर जातो. ताशी साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते. दोन सेकंद एका हाताने गळा झटकला, तर तेवढ्यात गाडी तीस मीटरच्या पुढे जाते, आणि ते तीस मीटर पसरणी घाटाच्या वळणावर असले तर काय होईल हे सांगायला नको. एका माशीच्या विषाने निरोगी माणसाला दुखतं, सुजतं, दोन दिवस खाज येते. पण हँडलवरून सुटलेला हात जीव घेऊ शकतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, माझ्या मागे बसणाऱ्यांना तर गाडीवर बसण्याआधीच सांगतो: माशी आत शिरली तर किंचाळायचं नाही, माझा खांदा दोनदा थोपटायचा, मी थांबतो.

मामेभावाने काटा स्वतःच नखाने खरवडून काढला. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, त्यामुळे तो कातडीत अडकून तुटतो आणि विषाची पिशवीही त्याच्यासोबत तिथेच राहते. माशी उडून जाते आणि मरते, पण पिशवी आकुंचन पावत राहते आणि विष आत सोडत राहते. म्हणून घाई करायची ती काटा काढण्याची. नखाने काढा, लायसन्सच्या कार्डाने खरवडा, कसंही काढा, पण चिमटा शोधत पाच मिनिटं घालवू नका. गांधीलमाशीचं वेगळं. तिची नांगी सहसा अडकत नाही, त्यामुळे ती एकटीच चार वेळा डसू शकते.

वाईत नाश्ता केला, पसरणी चढलो, पाचगणीच्या गर्दीतून निघालो. या पट्ट्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

महाबळेश्वरजवळचं मांघर मात्र मला दाखवायचंच होतं. 2022 मध्ये ते ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे आणि या डोंगरांतल्या कितीतरी घरांचं उत्पन्न मधमाश्यांवर उभं आहे. एका मधपाळ काकांच्या अंगणात आम्ही बसलो. परसात झाडाखाली सातेरीच्या लाकडी पेट्या होत्या. काका पेटीच्या दाराशी, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेच्या जरा बाजूला, उघड्या हातांनी उभे होते. “समोर उभं राहायचं नाही बघा. त्यांचा रस्ता अडवला की त्या अंगावर येणार. बाजूला राहिलं की त्यांचं काम त्या करतात,” ते म्हणाले.

सातेरी ही शांत माशी. झाडाच्या ढोलीत, कपारीत, अंधारात एकाआड एक पोळी बांधते, म्हणून तिला पेटीत ठेवता येतं. फुलोरी आकाराने लहान, झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं पोळं करते. बाईकवाल्याने ओळखायला हवी ती आग्या. ती पेटीत राहत नाही. कड्याच्या कपाळपट्टीखाली, उंच झाडाच्या आडव्या फांदीला, पुलाच्या पोटाला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं लावते. हे पोळं मीटरभर रुंदही होतं आणि त्याच्यावर माश्यांचा थर असा पसरलेला असतो की लांबून काळी घोंगडी वाळत घातल्यासारखी दिसते. सहसा एका झाडावर किंवा एका कड्यावर अशी अनेक पोळी शेजारीशेजारी असतात. अजिंठ्याच्या लेण्यांच्या कड्यावर ती पाहिलेली असतील तुम्ही. काही धोका वाटला की पोळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चकचकती लाट फिरते. हजारो माश्या एकापाठोपाठ पोट वर उचलतात त्याची ती लाट. ती दिसली की तिथे उभं राहायचं नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला पुढे तासाभरातच उपयोगी पडली. माशी डसते तेव्हा काट्याजवळून एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. त्या वासावर बाकीच्या माश्या त्याच जागी येतात. अंगावरची माशी चिरडली तरी तोच वास येतो. म्हणजे झटापट करणारा माणूस स्वतःच्या अंगावर खूण करत असतो. धुरामुळे हा वास झाकला जातो, शिवाय धूर आला की माश्या पोळ्यातला मध पोटात भरून घ्यायला लागतात. मधपाळाचा थंड, मोजका धूर हा असा. वणव्याची धग हा वेगळाच प्रकार.

आणि तो प्रकार आंबेनळीत पाहायला मिळाला. प्रतापगड फाटा मागे पडला होता. खालच्या अंगाला कोणीतरी वाळलं गवत पेटवून दिलं होतं, धूर आणि धग सरळ कड्याला लागत होती. एका वळणावर पुढून येणारा टेम्पोवाला लाईट मारत, काच वर करून आतूनच हाताने मागे फिरा, मागे फिरा करत आला. त्याच्या पलीकडे रस्त्यात एक स्कूटर आडवी पडलेली आणि दोन माणसं डोक्यावर ओढणी आणि शर्ट घेऊन पळत होती. मोहोळ उठलं होतं.

इथे नियम उलटा होतो, आणि माझ्या मते या लेखातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एक माशी असेल तर थांबा. मोहोळ उठलं असेल तर अजिबात थांबू नका. हेल्मेट काढायचं नाही, काच खाली आणि बंद, मागच्याने डोकं चालवणाऱ्याच्या पाठीला टेकवायचं आणि तिथून निघायचं. मधमाशी ताशी पंचवीसेक किलोमीटरने उडते, बाईक सहज पुढे जाते. पण आग्या माश्या लांबवर पाठलाग करतात, म्हणून शंभर पावलांवर थांबून चालत नाही. आम्ही रस्त्यातच गाड्या वळवल्या. घाटात बाईकला ही एक मोठी सोय असते, मोटारीला ती नाही. तिसऱ्या गियरला, वेड्यासारखं न पळवता, दोन-तीन वळणं मागे आलो. हेल्मेटच्या काचेवर टपटप आवाज येत होता. बायकोच्या हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या बोटभर उघड्या जागेवर एक माशी डसली. ती हलली नाही, तिने हात माझ्या जॅकेटखाली सरकवला एवढंच.

एका टपरीपाशी थांबून आधी काटा खरवडला, बांगड्या आणि अंगठी काढली कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत, मग ती जागा आणि जॅकेटची बाही पाण्याने धुतली, वास जावा म्हणून. टपरीवाल्या मावशींनी चुना पुढे केला. आमच्याकडेही लहानपणी चुना लावायचे, लोखंड घासायचे. पण थंड पाण्याची फडकी हाच खरा उपाय, म्हणून बाटलीतल्या गार पाण्याने रुमाल भिजवून बांधला. स्कूटरवरच्या दोघांना एका मोटारवाल्याने आत घेऊन काचा लावल्या आणि खाली पोलादपूरला डॉक्टरांकडे नेलं. दोघांनाही खूप डंख होते. तशा वेळी माणूस शुद्धीवर आणि बरा दिसत असला तरी दवाखान्यात नेलंच पाहिजे, कारण एकदम जास्त विष गेलं तर मूत्रपिंडांवर परिणाम होतो आणि तो लगेच दिसत नाही. स्कूटर सोडून ते पळाले हे त्यांनी योग्यच केलं. गाडी पडली तर ती उचलत बसायचं नाही. जॅकेटने तोंड झाकून सरळ पळायचं, बंद मोटारीत किंवा घरात शिरायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर वाट बघत राहतात.

आम्ही टपरीवर चांगला तासभर बसलो. नुसती आग विझण्याची वाट बघत नव्हतो. ज्यांना डंखाची ॲलर्जी असते त्यांना त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसतो: अंगभर पित्त उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, घसा आवळणं, धाप, चक्कर, उलटी. असं काही झालं तर वेळ न घालवता 108 ला फोन करायचा. तिथे औषध एकच, मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. खिशातली ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, घसा आवळणं थांबवत नाही. आणि हे बाईकवाल्यांनी नीट लक्षात ठेवावं: एव्हिलसारख्या गोळीने झोप येते. डंख झाला, गोळी घेतली आणि लगेच घाट उतरायला लागलो, असं करू नका. गोळी घेतली असेल तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर मुक्काम करा. बायकोने गोळी मागच्या सीटवर बसून घेतली म्हणून आम्ही पुढे निघालो, तेही तिला झोप येते का हे विचारत, थांबत थांबत. ज्यांना आधी कधी डंखाने मोठा त्रास झालाय त्यांनी या हंगामात घाटात निघण्याआधी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं.

पोलादपूरला पोचेपर्यंत तिचं मनगट सुजलं होतं, पण बाकी सगळं ठीक होतं. कपड्यांबद्दल जे बोलणं झालं ते सांगतो. उन्हाळ्यासाठी मिळणारी जाळीची जॅकेटं हवा आत घेतात, तसाच काटाही आत घेतात. आत पातळ पण पूर्ण बाह्यांचा सुती थर हवा. हातमोजे बाहीच्या वर चढणारे लांब घ्या, बाहीच्या आत घुसवायचे आखूड नकोत. गळ्याला बफ, म्हणजे गळ्यात घालायची ताणणारी कापडी नळी, हवाच, तो हेल्मेटच्या खालच्या कडेत खोचला की हनुवटीखालची फट बंद होते. मधमाशी गडद रंगावर जास्त चाल करते आणि दुकानात नेमकी काळी जॅकेटंच लावलेली असतात. मी फिकट राखाडी घेतलं. तीव्र वासाचा परफ्यूम आणि केसांचं सुगंधी तेल निघायच्या दिवशी नको. अर्ध्या हेल्मेटबद्दल माझं मत पक्कं आहे: घाटात ते घालून जाऊच नये.

मुक्काम खेडच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी. तिथल्या काकूंनी सकाळी आम्हाला हेल्मेट घालू दिलं नाही. “आधी आपटा खांबावर, मग डोक्यात घाला. रात्रभर पडवीत होती ती,” म्हणाल्या. मामेभावाच्या हातमोज्यातून खरंच एक गांधीलमाशी बाहेर आली. कोकणातल्या पडवीत आडोसा मिळेल तिथे त्या शिरतात. वाशाला त्यांचं कागदासारखं राखाडी पोळं लटकत होतं, घरचे लोक त्याच्या खालून रोज जात-येत होते, कोणी त्याला हात लावत नव्हतं. कुंभारमाशी तर बाईकच्या कुलपाच्या भोकातही चिखल भरते. ती सहसा डसायला येत नाही, पण किल्ली जात नाही म्हणून माणूस हैराण होतो. तेव्हापासून गाडी काही दिवस उभी राहिली असेल तर मी सीटखाली, मडगार्डच्या आत, नंबरप्लेटच्या मागे आणि हँडलच्या खाली बॅटरी मारून बघतो. हातमोजे उलटे करून झटकतो, हेल्मेटचं अस्तर हाताने नव्हे तर काडीने चाचपतो, आणि मगच गाडीला किल्ली लावतो.