तुम्ही विचारलंत म्हणून: घरी विंचू का नाही पाळत?

"रात्रीबेरात्री टॉर्च घेऊन विंचू नि कोळी शोधत फिरता, मग घरी एखादा पाळत का नाही?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, ऑफिसात विचारलाय, एकदा तर डेंटिस्टने माझं तोंड उघडं असताना विचारला. दरवेळी "जागा नाही हो" म्हणून सुटतो, आज नीट सांगतो.

तर पाळणं काय असतं ते मला माहितीये. माझा मावसभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो, त्याच्या एका खोलीत रॅकवर नुसते डबे, त्यात टॅरँट्युला म्हणजे मोठाले केसाळ कोळी आणि एक काळाकभिन्न आफ्रिकन एम्परर विंचू. (तिकडे एम्पररला लायसन्स लागत नाही, पण ब्युथिडी कुळातले म्हणजे आपल्या लाल विंचवाचे भाऊबंद ठेवायचे तर कौन्सिलकडून काढावं लागतं.) मी कामासाठी तिकडे होतो तेव्हा तो सुट्टीवर गेला की चावी माझ्याकडे. आणि काम किती, तर जवळजवळ नाहीच. पाण्याची वाटी भरायची, आठवड्याला एखादं झुरळ सोडायचं, खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी उचलायचं, बास. कोळी महिनोन्महिने उपाशी राहतो आणि त्याला काही होत नाही, आपणच उगाच काळजी करतो. उताणा पडलेला दिसला तर तो मेलेला नसतो, कात टाकत असतो, तेव्हा डब्याला हातसुद्धा लावायचा नाही, आणि आत जिवंत झुरळ राहू द्यायचं नाही, कारण नवी कात इतकी मऊ असते की झुरळच त्याला कुरतडतं. जमिनीवरच्या जातींना उंच डबा द्यायचा नाही, वरून पडला तर पोट फुटतं. मादी पंधरा-वीस वर्षं जगते, नर शेवटची कात टाकल्यावर वर्षभरात वगैरे आटोपतो, त्यामुळे नखाएवढं पिल्लू विकत घेताना आपण नक्की किती वर्षांचा पाहुणा आणतोय ते कळत नाही.

त्या रॅकवर एक डबा पोइसिलोथेरिया रेगॅलिसचा होता. हा आपला कोळी, सह्याद्रीतला, झाडाच्या ढोलीत राहणारा, पाठीवर राखाडी नक्षी आणि पुढचे पाय उचलले की खालून हळदीसारखा पिवळा. लेस्टरमधली ती बाई युरोपातल्याच कुणाच्या तरी घरात जन्मलेली, तिच्या आईनेही सह्याद्री पाहिला नसणार. सालीच्या तुकड्यामागे बसायची, मला दिसायची पायांची टोकं. भाऊ म्हणायचा, "थांब रे, रात्री येईल बाहेर," मग मी खुर्ची टाकून बसायचो आणि ती काही यायची नाही.

तोच कोळी आमच्या गावी, रायवळ आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशी, पावसाळा लागता लागता पाहिला. ढोलीच्या कडेला जाळीचं अस्तर, ती तोंडाशी बसलेली, हातभर खाली एक पाल, आणि वर खोडावरून एक बारीक अंगाचा नर पायांनी टकटक करत येतोय, थांबतोय, परत टकटक. पाल गेली, ती जागची हलली नाही, नर मात्र बराच वेळ पुढे यायचं की नाही याचा विचार करत होता. हे बघितल्यावर डब्यातली मजा गेली ती गेलीच. डब्यात कोळी असतो, पण पाल नसते, नर नसतो, आंबा नसतो.

विंचवांचं तर त्याहून सोपं. यूव्ही टॉर्च मारला की ते हिरवट-निळे चमकतात, अंधाऱ्या रात्री चांगलेच दिसतात. (चिप्सची पाकिटं पण चमकतात, पहिल्यांदा हमखास फसता.) नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही. जांभ्याच्या गडग्यात, दगडाखाली, कौलांच्या ढिगात बघायचं, बोटं कुठेही घालायची नाहीत. जाडजूड चिमट्यांची काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या डंखाने सहसा ठणकण्यापलीकडे काही होत नाही. भ्यायचं ते बारीक चिमट्यांच्या लाल विंचवाला. पूर्वी कोकणात याने माणसं मरायची, पोरं जास्त. बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात असताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या, आणि पुढे प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची साधी गोळी यावर वापरली, त्याने मृत्यू खूपच कमी झाले. तेव्हा घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मांत्रिक नको, थेट दवाखाना.

आता कुणी म्हणेल, गावातलं बघता तसं एखादं घरी आणलं तर काय बिघडलं? एक म्हणजे कायदा. २०१९ मध्ये पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जाती साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेल्या, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइटिसचे प्राणीही आले. पण कायद्याचं सोडा, गुत्तीचं बघा. हो, मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, आंध्रातली. तिथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत एक निळाभोर कोळी मिळाला, पोकॉक साहेबाने १८९९ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि मग शंभरेक वर्षं कुणाला तो दिसलाच नाही. २००१ मध्ये नंद्याल नि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात परत सापडला. थोड्याच वर्षांत परदेशात पेट म्हणून विकायला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, तिथलं जंगल तुटतंय हे त्याचं मोठं कारण, पण वरून हे पकडणारेही.

म्हणून फोटो टाकला की "लोकेशन?" विचारणाऱ्याला मी तालुकासुद्धा सांगत नाही, राग आला तर येऊ दे. मुंबईकरांनी तर माझ्या आंब्याच्या मागे लागूच नये. आरेच्या नावाचा एक विंचू आहे, लायकस आरेएन्सिस, आणि एक टॅरँट्युलाही, हेटरोफ्रिक्टस आरेएन्सिस. दोन्ही तिथेच गोरेगावात सापडले. गमबूट घाला, एकटे जाऊ नका, तिथे बिबट्याही फिरतो. आणि पिल्लू आणून द्या म्हणून मेसेज करणाऱ्यांनो, नाही.