तुम्ही विचारलंत म्हणून: ठकी, बंड्या आणि दोन पट्टे

"दोन कुत्री, त्यातलं एक दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर धावून जाणारं. मग दोघांना एकत्र कशी गं फिरवतेस?" लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर, कुणी ना कुणी हे विचारतंच.

खरं सांगू? बहुतेक दिवस नाहीच फिरवत. पहाटे सव्वापाचला ठकी, ती घरी आली की बंड्या. एकत्र फेरी आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा.

ठकी गावठी, सोळा किलोची. कर्वेनगरला कालव्याच्या कडेला सापडली तेव्हा सहाएक महिन्यांची असेल. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. ठकीने त्या दिवसांत काय बघितलं ते तिलाच ठाऊक. बंड्या लॅब्रेडॉर, बत्तीस किलोचा आणि नावाला अजिबात न जागणारा.

मला वाटलं होतं, बंड्याच्या संगतीत ही निवळेल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! फक्त उलट्या बाजूने. तीन महिन्यांत बंड्याही भुंकायला लागला. तिला काय दिसलं हे त्याला कळायचंही नाही, पण ती पेटली की हा सामील. आणि मग एके संध्याकाळी दोन्ही पट्टे माझ्या एका हातात, दुसऱ्या हातात फोन. समोरून भटकं कुत्रं आलं, पट्ट्यांना पीळ पडला, ठकीला त्याच्यापर्यंत पोचता येईना. ती गर्रकन वळली आणि बंड्याच्या कानाला चावली. दोन टाके पडले. समोरच्यावर निघत नाही तो राग बाजूला असेल त्याच्यावर निघतो. तो बंड्या आहे हेसुद्धा तिला त्या क्षणी कळलं नसावं. चूक माझी होती, फोनची म्हणा हवं तर.

त्यानंतर आठ महिने दोघं रस्त्यावर एकत्र गेली नाहीत. ठकीबरोबर एकच धडा गिरवला: कुत्रं दिसलं की उकडलेलं चिकन. ती भांडकुदळ नाही, घाबरट आहे. ओरडलं की समोरचं कुत्रं निघून जातं, हे तिला अनुभवाने कळलंय. तेव्हा कुत्रं दिसणं ही चांगली गोष्ट आहे असं तिला वाटायला हवं होतं. यात क्रम महत्त्वाचा. रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना आधी आवाज ऐकू यायचा, मग अन्न मिळायचं. मी घाईघाईत उलटं करत होते. कुत्रं मला आधी दिसलं की लगेच कमरेच्या खाऊच्या बटव्यात हात. आठवडाभरात ठकी बटव्याचा आवाज आला की मान वर करून शत्रू शोधायला लागली. आता तिने बघेपर्यंत मी थांबते. आणि हे सगळं लांबूनच करायचं. ती चिकन तोंडात घेईना, की समजायचं, आपण फार जवळ आलो.

पण एकत्र न्यायचं तर खरी मेहनत बंड्यावर करावी लागली, हे मात्र कुणाला पटत नाही. अहो, अडचणीच्या क्षणी मला ठकीकडे बघायचं असतं. तेव्हा बत्तीस किलोचं गोड जनावर खांबाला हुंगत उभं राहिलं तर मी वळणार कशी? म्हणून "चला परत" म्हटलं की जागच्या जागी वळून माझ्याबरोबर चालायचं, हे आधी त्याला शिकवलं. घरात, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये. आवाज लाडाचाच हवा, "जेवायला चला" म्हणतो तसा. मी दचकून ओरडले की दोघांनाही कळतं, काहीतरी भयंकर आलंय.

पट्ट्यांचं म्हणाल तर ठकी उजवीकडे, बंड्या डावीकडे, मी मधे भिंतीसारखी. ठकीच्या हार्नेसची, म्हणजे गळ्याऐवजी अंगात अडकवायच्या पट्ट्याची, कडी छातीवर आहे, त्यामुळे ती ओढायला लागली की आपोआप बाजूला वळते. पट्टा हाताला गुंडाळत नाही, बोटं मोडतात. एका पट्ट्याला दोन फाटे असतात ना, ते आणि ती लांबणारी दोरी, दोन्ही देऊन टाकलं.

बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून लोक सांगतात, "अंतर ठेव." आपल्या गल्लीत भटकं कुत्रं स्वतःच अंतर मिटवायला येतं! पण त्यांचाही हिशोब असतो. नसबंदी करून, लस टोचून त्यांना उचललं त्याच जागी परत सोडायचं, असं भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांतही आहे. म्हणजे चहाच्या टपरीखालचा कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) असलेला तांबडा उद्याही तिथेच असणार. मग मी त्याला टाळत बसत नाही, त्याची हद्द लक्षात ठेवते. तो जवळ यायला लागला तर मूठभर बिस्किटं त्याच्या मागे लांब फेकते. तो हुंगत बसतो, आम्ही उभ्या गाडीच्या आडून सटकतो.

काही दिवस मुळात जायचंच नसतं. लिफ्टमध्ये मांजर, गेटवर हॉर्न, कोपऱ्यावर बुलेट; कुकरच्या शिट्ट्यांसारखं साठत जातं, आणि चौथ्याला निमित्त होऊन एखादं निरुपद्रवी पिल्लू समोर येतं. तशी सकाळ गेली की संध्याकाळी फेरी रद्द. जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवायचा, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत द्यायचा. वीस मिनिटं नाक चालवलं की ठकी आडवी होते. दिवाळीचा आठवडा आमचा सगळा असाच जातो.

आज दोघांना घेऊन गेले होते. तांबडा टपरीखाली होता. ठकीचे कान ताठ झाले, एकदा गुरगुरली, मग वळून तिने माझ्या कमरेच्या बटव्याकडे बघितलं. बंड्या तोवर लाळ गाळत बसलासुद्धा होता. त्याच्या लेखी आता समोर चार पायांचं काहीही दिसलं की चिकन मिळतं. परवा तो शेळी बघून बसला.