पहिली लेन्स: ज्युपिटर-८ आणि एक मीटरवरचे तीन सेंटिमीटर

कॅनन पी या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावरची (दोन प्रतिमा जुळवून फोकस करण्याचा प्रकार) पहिली लेन्स सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-८ हीच, असे मागील नोंदीत जवळजवळ ठरले होते. पैठणच्या रोलने तो निर्णय पुन्हा लटकवला आहे. मागावर बसलेल्या विणकराच्या डोळ्यांवर पॅच (व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दिसणारा दुहेरी प्रतिमेचा चौकोन) नेमका जुळवून एफ/२ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून, घेतलेल्या चौकटींत डोळे मऊ आले आहेत आणि कानशिलावरचे पांढरे केस मात्र मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. बोटांतल्या कांडीवर जुळवले तेथेही हीच तऱ्हा, कारण बोटे विरघळली आहेत आणि त्यांच्यापलीकडचा जरीचा काठ चोख उतरला आहे. त्याच रोलवर नाथसागराच्या काठी एफ/११ ला घेतलेली दूरची दृश्ये कोपऱ्यांपर्यंत निर्दोष आहेत. त्यामुळे लेन्स सरसकट खराब आहे, असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी निवडीचा धागा थोडक्यात सांगतो. लेन्स ३५ मिमीची घ्यावी की ५० मिमीची, हा वाद कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरनेच मिटवला होता. १९५९ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर १:१ प्रमाणाचा असल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्याचे सुख अप्रतिम आहे. पण ३५ ची चौकट त्याच्या अगदी कडेला आहे आणि चष्मा लावणाऱ्याला ती एका नजरेत दिसतच नाही. मग ५० मध्ये उमेदवार उरले तीन. कॅननची स्वतःची ५० एफ/१.८ मनापासून हवी होती, परंतु तिच्या अ‍ॅपर्चरमागच्या काचेवर जुन्या वंगणाच्या वाफेने धुके धरते आणि पुढे ते काचेलाच खाते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. विक्रेत्याने ‘काच स्वच्छ’ असे लिहिले, तरी टॉर्चच्या उजेडातला फोटो तो देत नाही, तोवर त्या शब्दांना मी काडीचीही किंमत देत नाही. इंडस्टार-६१ स्वस्त आणि धारदार आहे, पण ती एफ/२.८ वर थांबते आणि मागाच्या खोलीतल्या उजेडात एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, सोडून देणे मला परवडणारे नव्हते. राहिली ज्युपिटर-८. रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची, क्रमांकाचे पहिले दोन आकडे ६१, म्हणजे १९६१ सालची, काच खरोखरच स्वच्छ आणि किंमत कॅननच्या लेन्सच्या अर्ध्याहून कमी.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पहिला संशय अर्थातच कॅमेऱ्यावर होता, कारण साठी ओलांडलेल्या रेंजफाइंडरचा पॅच सरकलेला असणे ही नवलाची गोष्ट नाही. आपल्यातल्याच लातूरच्या एका मित्राने त्याची कॅनन ५० एफ/१.८ काही दिवसांसाठी दिली, हे माझे भाग्य. कॅनन पी ची पाठ दाराप्रमाणे उघडते. लायका किंवा झोर्की-१ सारखा खालून फिल्म भरण्याचा प्रकार नाही. त्यामुळे शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहण्याच्या खुणेवर) उघडे ठेवून, केबल रिलीज अडकवून, फिल्मच्या आतल्या रुळांवर ग्राउंड ग्लास (प्रतिमा उमटणारी खरखरीत काच) ठेवता येते. काचेसाठी मी निकामी झालेल्या एका एसएलआरचा फोकसिंग स्क्रीन वापरला आणि त्याची खरखरीत बाजू लेन्सकडे केली. बाथरूमच्या खिडकीची दुधी काच घेऊ नका, तिचे दाणे इतके जाड असतात की एफ/२ चा फोकस त्यांतच हरवून जातो. समोर एक मीटरवर स्टीलची पट्टी ४५ अंशांत तिरकी उभी केली, तिच्या मधल्या खुणेवर पॅच जुळवला आणि मागून लूप (छोटे भिंग) लावला. कॅननची लेन्स लावली तेव्हा मधली खूणच स्पष्ट होती. ज्युपिटर लावली, पॅच पुन्हा जुळवला, तर स्पष्ट रेघ मधल्या खुणेच्या मागे चारएक सेंटिमीटर सरकलेली, म्हणजे अक्षाच्या दिशेने सुमारे तीन सेंटिमीटर मागे. दूरची तपासणी दौलताबादच्या रस्त्यावरून चांद मिनारावर केली. तेथे दोन्ही लेन्स अनंताच्या (सर्वांत दूरच्या फोकसच्या) थांब्यावर सारख्याच निघाल्या. कॅमेरा निर्दोष सुटला.

तीन सेंटिमीटर हा आकडा पाहून मला विलक्षण समाधान वाटले, कारण तो अगदी हिशेबात बसतो. ज्युपिटर-८ चा वंश झाइस या जर्मन कंपनीच्या सोन्नार लेन्सचा, बेर्टेलेंच्या आराखड्याचा, आणि सोन्नारचे घर झाइसच्याच कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचे. कॉन्टॅक्सची नाममात्र ५० प्रत्यक्षात ५२.४ मिमीची धरली जाते, तर लायकाचा, आणि म्हणून कॅननचाही, रेंजफाइंडर ५१.६ मिमी गृहीत धरून बांधलेला असतो. एक मीटरवर फोकस करण्यासाठी ५१.६ च्या लेन्सला सुमारे २.८१ मिमी पुढे यावे लागते आणि ५२.४ च्या लेन्सला सुमारे २.९० मिमी. कॅम (लेन्सच्या मागचा, रेंजफाइंडरला अंतर कळवणारा भाग) आणि काचसंच एकत्रच पुढे सरकत असतील, तर पॅच जुळला त्या क्षणी लेन्स ०.०९ मिमीने अपुरी पुढे आलेली असते आणि एक मीटरवर त्याचे पडसाद वस्तूच्या बाजूला सुमारे तीन सेंटिमीटर मागे उमटतात. एफ/२ ला तेथे फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, दोन्ही बाजूंना जेमतेम २.३ सेंटिमीटर असते. म्हणजे चूक त्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकते, एवढेच. दोन मीटरवर चूक सहा सेंटिमीटर होते, पण खोली नऊच्या पुढे गेलेली असते, म्हणून दोष दिसत नाही. ज्यांना ‘माझी ज्युपिटर उत्तम चालते’ असा अनुभव आहे, ते बहुधा दोन मीटरच्या आत एफ/२ वापरत नसावेत. आपल्याकडच्या उन्हात ४०० ची फिल्म घेऊन बाहेर पडले की १/५०० ला एफ/१६ चालते. तेथे हा दोष कसा सापडणार?

उपाय सर्वांना ठाऊक आहे. काचसंचाच्या खांद्याखाली शिम (धातूची पातळ कडी) घालून त्याला फिल्मपासून किंचित दूर न्यायचे. मी सुरुवातीला ०.०९ ची पूर्ण भरपाई करायचे योजले होते आणि त्यासाठी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापायलाही घेतला होता, कारण तो साधारण ०.१ मिमीचा असतो. मग कागदावर अनंताकडचा हिशेब मांडला. ०.०९ ने पुढे सरकलेली लेन्स अनंताच्या थांब्यावर सुमारे ३० मीटरवर फोकस करते, म्हणजे देवगिरीचा कडा चोख हवा असेल तर एफ/४ पर्यंत बंद करावी लागणार. हेच ०.०५ केले, तर थांब्यावरचा फोकस ५५ मीटरवर जातो आणि एफ/२ लाही अनंत खोलीत सामावते. तिकडे एक मीटरवर उरलेली चूक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास राहते, तीही खोलीच्या आत. अर्धीच भरपाई करून दोन्ही टोके सांभाळली जातात, हे कागदावर उतरल्यावर डब्याचा पत्रा बाजूला ठेवला.

०.०५ मिमी म्हणजे कारखान्यांत ज्याला दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) म्हणतात ते. या बाबतीत छत्रपती संभाजीनगरात राहण्याचा फायदा कॅमेऱ्याच्या छंदात प्रथमच झाला. वाळूज एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये पितळी शिमची गुंडाळी होती आणि तिथल्या कारागिराने हातभर तुकडा चहाच्या मोबदल्यात दिला. कॅमेऱ्याचे सुटे भाग पुरवणारा परदेशी विक्रेता एवढ्याच पितळासाठी टपालखर्चासह जे सांगत होता, ते येथे लिहिण्यात अर्थ नाही. कडी कापताना पितळ दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये दाबून धरले आणि कंपास कटर अगदी हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा फिरवला. एकदम जोर दिला की कडेला उभार येतो आणि मग दोन थाऊचे तीन कधी झाले ते कळत नाही. कापून झाल्यावर कडी सपाट काचेवर ठेवून मायक्रोमीटरने चार बाजूंना मोजली.

ज्युपिटरचा काचसंच छोटा लॉक स्क्रू सैल केला की समोरून फिरवून निघतो. आत कारखान्याने घातलेली एक शिम आधीपासूनच होती. ती तशीच ठेवून तिच्यावर माझी बसवली. येथे एक गोष्ट कोणी मला आधी सांगितली नव्हती, म्हणून नोंदवून ठेवतो. शिम घातल्यावर काचसंच आट्यांवर थोडा आधीच थांबतो, त्यामुळे अ‍ॅपर्चरच्या खुणेचा ठिपका वरच्या मध्यावरून बाजूला जातो आणि लॉक स्क्रूला त्याची जुनी खोबण मिळत नाही. नवे भोक पाडण्याची हिंमत सध्या नाही. स्क्रू नुसता टेकवून ठेवला आहे आणि ठिपका डावीकडे झुकलेला सहन करतो आहे.

परिणाम मात्र देखणा आहे. त्याच पट्टीवर एक मीटरला स्पष्ट रेघ मधल्या खुणेपासून दोन सेंटिमीटरच्या आत आली आणि मधली खूणही वाचता येऊ लागली. लूपखाली ते आकडे काळेभोर उमटलेले पाहून मी उगाचच पॅच पुन्हा पुन्हा मोडून जुळवत बसलो होतो.

तरीही प्रकरण पूर्ण मिटलेले नाही. सोन्नारचा स्वभाव असा, की अ‍ॅपर्चर बंद करू लागताच फोकस आणखी मागे सरकतो. एफ/२ ला जमलेला हिशेब एफ/२.८ ला थोडा बिघडतो आणि मागाच्या खोलीत मी एफ/२.८ ही वापरणारच. हे लिहीत असतानाच वाटू लागले आहे की ०.०५ ऐवजी ०.०८ करून पाहावे. तसे केल्यास थांब्यावरचा फोकस ३४ मीटरवर येईल आणि अनंत एफ/२.८ पासून खोलीत बसेल, जे बाहेरच्या कामाला पुरेसे आहे. पितळाचा तुकडा शिल्लक आहे, शिवाय एक थाऊचीही गुंडाळी त्या टूलरूममध्ये दिसली होती. दोन आणि एक मिळून तीन, म्हणजे ०.०७६.

दुसरी कल्पना अनंताच्या तपासणीची. दर वेळी दौलताबादच्या रस्त्यावर तिपाई मांडण्याची गरज नाही. एसएलआरवर २०० ची लेन्स अनंताला लावून ज्युपिटरच्या तोंडात पाहायचे आणि कॅननच्या रुळांवरच्या खरखरीत काचेवर ब्लेडने ओढलेला चरा मागून टॉर्चने उजळायचा. चरा एसएलआरमध्ये चोख दिसला, तर ज्युपिटर अनंताला आहे. हे घरात, पंख्याखाली बसून करता येते. एप्रिल-मेच्या उन्हात लेन्स घेऊन उभे राहणे मला वेगळ्या कारणानेही टाळायचे आहे: या लेन्सचे जुने ग्रीस थंडीत घट्ट असते आणि बेचाळीस अंशांत पातळ होऊन पात्यांवर उतरते. ग्रीस बदलणे आता उन्हाळ्याआधी उरकेन.

फिल्मच्या धुलाईबद्दल मागे विचारणा झाली होती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसलेल्या या शहरात मी इलफर्डची पद्धतच वापरतो: टाकी भरून पाच वेळा उलटसुलट, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टाक्यांत एचपी५ ही कृष्णधवल फिल्म स्वच्छ होते.

३५ चा विषय मी पुन्हा उघडतो आहे, पण वेगळ्या वाटेने. फोक्टलेंडरची कलर-स्कोपार ३५ एफ/२.५ स्क्रू माउंटमध्ये (कॅननवर आट्यांनी बसणाऱ्या प्रकारात) निघाली होती आणि वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावला की चष्म्याची अडचण संपते. ती कोणाकडे असेल तर एक मीटरवर तिरक्या पट्टीची तपासणी करून आकडा कळवावा. तोवर तीन थाऊची कडी कापून पैठणला पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी प्रत्येक चौकट एफ/२ ला एक आणि एफ/२.८ ला एक अशी जोडीने घेणार आहे.