महाग म्हणजे सुरक्षित नव्हे

जर्मनीत वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलांमध्ये त्यावरून एक समजूत हमखास कानावर येते: रोगराई असते ती स्वस्तातल्या ठिकाणी, महागड्या ठिकाणी सगळ्यांची तपासणी झालेली असते, तेव्हा चार पैसे जास्त मोजले की चिंता मिटली. लाजेपोटी कुणी कुणाला हटकत नाही, म्हणून मी लिहितो आहे. ही समजूत साफ खोटी आहे.

आधी तपासणीचं बघू. या व्यवसायातल्या बायकांवर असलेली सक्तीची वैद्यकीय तपासणी इथे २००१ मध्येच बंद झाली. २०१७ च्या कायद्याने नोंदणी आणि आरोग्यविषयक समुपदेशन बंधनकारक केलं. वर्षातून एकदा, एकविशीच्या आतल्या मुलींना दर सहा महिन्यांनी. त्यात रक्त तपासून निरोगी असल्याचा दाखला कुणी देत नाही. आणि कुणाकडे ताजा रिपोर्ट असला, तरी सिफिलिस (गरमी) तपासणीत दिसायला तीन महिनेसुद्धा लागू शकतात आणि क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाची बहुतेकांना लक्षणंच जाणवत नाहीत.

मग दर कशावर ठरतो? जागेचं भाडं, वेळ, वय, रूप, मधल्या माणसाचा वाटा. यातल्या कशावरूनही शरीरात कुठला संसर्ग आहे ते कळत नाही.

एका बाबतीत मात्र दरात धोका शिरतो, आणि तो नेमका उलट्या बाजूने. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीतल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कंडोमचा आग्रह धरणाऱ्या स्त्रियांना दर व्यवहारामागे ६६ ते ७९ टक्के कमी मिळत होते. मेक्सिकोतल्या २००५ च्या अभ्यासात कंडोमशिवायच्या संबंधासाठी गिऱ्हाइकं सुमारे २३ टक्के जादा देत होती. म्हणजे वरचे पैसे सुरक्षिततेचे नव्हेत, धोक्याचे होते. तुमच्याकडून जादा घेऊन जी कंडोम बाजूला ठेवते, तिला तुमच्या आधीच्यांनीही तसंच जादा देऊ केलेलं असणार. हा साधा हिशेब त्या क्षणी कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि ती हो का म्हणते? डोक्यावर कर्ज असतं, खोलीचं भाडं रोज भरायचं असतं. ती एकटी नाही म्हणाली, तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं: धोका दोघांचा, पण नाही म्हणण्याची किंमत फक्त तिने मोजायची. सोनागाछीत १९९२ पासून या स्त्रियाच एकमेकींना समजावत, संघटित होत गेल्या, तिथे कंडोमचा वापर वाढला. थायलंडने १९९१ मध्ये देशभर नियम केला की कुठल्याही कुंटणखान्यात कंडोमशिवाय संबंध नाही. शेजारचं दारही बंद झालं, आणि मग घासाघीस करायला काही उरलं नाही. जर्मनीच्या २०१७ च्या कायद्यातही कंडोम सक्तीचा आहे, आणि तो मोडला तर दंड गिऱ्हाइकाला, ५०,००० युरोपर्यंत. बंद खोलीत हे कोण बघणार, हा प्रश्न आहेच. तरी जबाबदारी तिच्यावरून काढून त्याच्यावर टाकली, हे मला फार योग्य वाटतं.

कंडोमनेही सगळं टळत नाही. गुप्तांगावर फोड आणणारा हर्पीस आणि एचपीव्ही (मस्से आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा विषाणू) त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात; गनोरिया (परमा) आणि सिफिलिस मुखमैथुनातूनही होतात. हेपटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसी आहेत, त्या घेऊन ठेवाव्यात.

इथे असाल तर सरकारी आरोग्य कार्यालयांत नाव न सांगता एचआयव्हीची तपासणी करून घेता येते. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर वाट बघत बसू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो २४ तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. रात्र असो की रविवार, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि डॉक्टरांना काय झालं ते स्पष्ट सांगा.