माया ठेवून

आमच्या घरात कुठलीही गोष्ट अंगाबरोबर घ्यायची पद्धतच नाही. मी पाचवीत असताना घेतलेला शाळेचा पिनाफोर सातवीपर्यंत चालला, पहिलं वर्षभर तो पोटऱ्यांवर लोळायचा, दुसऱ्या वर्षी बरा दिसला आणि तिसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या की आता आईला सांग. बुटाच्या टोकात कापूस, स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. दुकानात आईचं एकच वाक्य, "वाढत्या अंगाचं दाखवा". जूनच्या सुरुवातीला लक्ष्मी रोडवर पाच मिनिटं उभं राहा, अजूनही ऐकू येतं, फक्त आता मुलं तोंड वेंगाडतात, आमची हिंमत नव्हती.

तर ह्या संस्कारातून मी कुत्रीसाठी क्रेट घ्यायला निघाले.

कुत्री म्हणजे खारी. गावठी, हल्ली इंडी म्हणायचं असतं. रंग बेकरीतल्या खारीचा, आणि झटकली की तसाच भुगा पडतो, म्हणून खारी. जुलैमधल्या भर पावसात आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या कव्हरखाली सापडली, व्हेट म्हणाले अडीच महिन्यांची असेल. पहिल्या आठवड्यात तिने दोन चपला, नवऱ्याच्या बॅगेचा पट्टा आणि मोबाइलच्या चार्जरची वायर खाल्ली, आणि ती वायर तेव्हा प्लगला होती का नव्हती ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही. पण क्रेट आणायचा ह्यावर झालं.

सासूबाईंना वाटलं दुधाचे निळे असतात तसले क्रेट. मग मी फोनवर फोटो दाखवला, तारेच्या जाळीचा, दाराचा, घडी होणारा. "हा पिंजरा आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं आई, पिंजरा नाही, तिची खोली समजा, दार दिवसा उघडंच ठेवायचं, जेवण आत द्यायचं, शिक्षा म्हणून कधी कोंडायचं नाही, फक्त रात्री झोपायला आणि आपण तासदोन तास बाहेर गेलो तर. "बघू," म्हणाल्या. पुण्यात वाढलेल्या माणसाला "बघू"चा अर्थ सांगावा लागत नाही.

आता साइझ. हे क्रेट इंचावर विकतात, २४, ३०, ३६, ४२, ४८, आणि हा आकडा लांबीचा. दुकानात गेलो तर माप वगैरे कुणी विचारलं नाही, "ब्रीड कोणतं?" एवढंच. लॅब असेल तर ४२, बीगल असेल तर ३०, असा त्यांचा तोंडपाठ हिशोब. इंडी म्हटल्यावर गडी जरा थांबला, आमच्याकडे बघून म्हणाला, "बेचाळीस न्या ना, मोठी होईल." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, मी लगेच विरघळले. तरी खात्री म्हणून नवऱ्याने घरी येऊन माप घेतलं होतंच, पण त्याने ते नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घेतलं, आणि खारीची शेपटी जिलबीसारखी वळलेली, तर ती हाताने सरळ करून घेतलं. इंजिनिअर आहे तो. वर त्यात "वाढ" मिळवली. ऑनलाइन ४२ चा जरा स्वस्त दिसला तो मागवला.

तो आला तेव्हा वॉचमनकाका आणि डिलिव्हरीवाला दोघांनी मिळून वर आणला. उघडून उभा केला तर ४२ बाय २८, उंची ३०. म्हणजे आठ स्क्वेअर फूट! टीपॉय गॅलरीत गेला, सोफा सरकला, फ्रिजचं दार अर्धंच उघडायला लागलं. आणि गंमत म्हणजे ४२ हे बाहेरून मोजलेलं, आतला ट्रे मोजला तर चाळीसच्या जरा पुढे. बिल्डर लोकांना २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियावर आणलं, कुत्र्यांना मात्र अजून सुपर बिल्टअपच विकतात.

खारी आत गेली, फिरून आली, पुन्हा गेली, आम्हाला वाटलं आवडलं. आवडलंच होतं. सकाळी बघते तर मागच्या कोपऱ्यात शू केलेली, पुढच्या कोपऱ्यात अंथरूण, अंथरुणावर बाईसाहेब, मध्ये दीड फुटाचं अंतर. मास्टर बेडरूम विथ अटॅच्ड टॉयलेट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी फिनाइलचा वास घेऊन ऑफिसला जात होते.

व्हेट हसले. म्हणाले, कुत्रं आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही, पिल्लू रोखून धरायला शिकतं ते त्यामुळेच, पण तुम्ही तिला झोपायची जागा आणि शिवाय वरकड जागा दोन्ही दिलीत, मग ती कशाला रोखेल. उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे, पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे, बास. अर्थात वयापेक्षा जास्त अपेक्षा ठेवायची नाही हेही सांगितलं, जितके महिने तितके तास आणि वर एक, फार तर. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू चार तास, तेही नशीब चांगलं असेल तर. (आमच्या ओळखीत एकजण सहा महिन्यांच्या कुत्र्याला ऑफिसच्या पूर्ण वेळात क्रेटमध्ये ठेवतात आणि वर सांगतात की त्याला सवय झालीय. सवय काय, माणसाला ट्रॅफिकचीही होते.)

मला हे पचायला जड गेलं. मोठं घेतलं की चांगलं, जागा जास्त म्हणजे प्रेम जास्त, असंच डोक्यात. पण मग दुपारी खारी स्वतः होऊन कुठे जाऊन झोपते ते बघितलं, तर वॉशिंग मशीन आणि भिंत ह्यांच्या फटीत. अख्खा हॉल मोकळा. टेपने मोजली ती फट, सोळा इंच. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा बघा, पूर्ण फुटपाथ सोडून उभ्या गाडीच्या खाली शिरतात.

टेप हातात बघून सासूबाई उठल्या. सदाशिव पेठेतल्या वाड्यात होत्या तेव्हा त्यांनी अनेक वर्षं ब्लाउज शिवून दिलेत, टेप चुकीची धरलेली त्यांना बघवत नाही. "असं नाही घेत माप. तू तिला पोळीचा तुकडा दाखव, समोर, नाकाच्या रेषेत, वर नको धरूस." मी धरला. खारी पुतळ्यासारखी उभी, फक्त लाळ गळत होती. सासूबाईंनी टेपचं टोक नाकाशी लावलं, पाठीवरून सरळ नेलं आणि शेपटी जिथे सुरू होते तिथे अंगठ्याचं नख रुतवून थांबल्या. "सतरा." मग तिला बसवून जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत, ते "साडेतेरा". माझ्या लेकीने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं.

"आणि माया किती ठेवायची?" त्यांनी विचारलं.

मी बघतच राहिले. "अगं, ब्लाउजला शिवणीच्या आत ठेवतो ती माया. अंगाबरोबर शिवला तर पुढच्या वर्षी टाकून द्यावा लागतो, आणि मोठाच शिवला तर घालणारी बुजगावणं दिसते. अंगाबरोबरच शिवायचा, माया आत ठेवायची, अंग भरलं की टीप उसवायची."

क्रेटच्या चार्टवर हेच लिहिलेलं असतं, मोजलेल्या लांबीत आणि उंचीत दोन ते चार इंच मिळवा म्हणून, मी ते वाचलंही होतं. त्याला माया म्हणतात हे कळल्यावर मात्र एकदम डोक्यात शिरलं.

तर सतरा अधिक तीन, वीस. चांगल्या क्रेटबरोबर मधे लावायची जाळी येते, डिव्हायडर, ती मागेपुढे सरकवता येते आणि एकच क्रेट पिल्लापासून मोठेपणापर्यंत पुरतो. आमच्या स्वस्तातल्याबरोबर ती आली नव्हती. आधी खोका लावून बघितला, खारीने तो नाश्त्याला खाल्ला. मग सी विंगमध्ये एकांचं फर्निचरचं काम चालू होतं तिथल्या सुतारकाकांकडे गेले, प्लायवूडचा उरलेला तुकडा द्या, एवढ्या मापाचा, कडा घासून, कोपऱ्यांना भोकं पाडून. कशाला म्हणाले. म्हटलं कुत्रीच्या खोलीत पार्टिशन घालायचंय. "निम्मी भाड्याने देणार का?" भोकांतून प्लॅस्टिकचे टाय ओवून जाळीला आवळलं, टोकं कापून गाठी बाहेरच्या बाजूला घेतल्या. लावताना सासूबाई म्हणाल्या की वाड्यात आमच्या दोन खोल्या, प्रत्येक दिराच्या लग्नाला असंच एक प्लायवूड उभं राहायचं. मग हसल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री खारीने अडीच वाजता कुंई कुंई करून उठवलं, खाली नेलं, पार्किंगच्या कडेला शू करून आली आणि सकाळी ट्रे कोरडा. अडीच वाजता पावसात छत्री धरून कुत्री मुतायची वाट बघत उभं राहण्यात एवढा आनंद असतो हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मग दर तीन-चार आठवड्यांनी रविवारी माप. वीसचे पंचवीस, पंचवीसचे एकतीस. टाय कापायचे, प्लाय मागे, नवे टाय. सासूबाई म्हणायच्या, "चला, टीप उसवायची वेळ झाली."

मधल्या काळात वरच्या मजल्यावरचे काका त्यांच्या मुलाच्या लॅबसाठी माप घेत होते, कुटुंबासकट कुत्रा परदेशी चाललेला. मी मोठ्या तज्ज्ञाच्या आवाजात सांगायला गेले की काका, मोठा घेऊ नका. "अहो, विमानाचं वेगळं असतं," म्हणाले, आणि लाइटबिलाच्या मागे मांडलेलं गणित दाखवलं. आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा नियम. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाच्या कोपराच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, ही खोक्याची लांबी. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची मात्र उभं असताना, डोकं किंवा कान जे वर असेल ते, अधिक अंथरुणाची जाडी, कान छताला घासता कामा नयेत. त्यांच्या लॅबचे ९२ सेंटिमीटर आणि कोपर ३२ वर, म्हणजे १०८. आणि तारेचा घडीचा क्रेट तिथे नाही चालत, टणक लागतो. पग-बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना अजून दहा टक्के मोठा. घरात बेताची जागा आणि विमानात ऐसपैस, माणसांचं नेमकं उलटं आहे.

दिवाळीत खारी सहा महिन्यांची झाली होती. क्रेट खिडकीपासून लांब आतल्या पॅसेजमध्ये नेला, तीन बाजूंनी जुनी चादर टाकली, पुढची बाजू उघडी, गळ्यातला पट्टा काढून ठेवला कारण तो जाळीत अडकू शकतो. पहिली लड वाजली तशी ती धावत आत गेली आणि पाठ प्लायवूडला घट्ट टेकवून बसली. तेव्हा ते दोन-चार इंच जास्त असते तर बरं झालं असतं असं मला एकदाही वाटलं नाही. (उन्हाळ्यात मात्र चादर काढा, पश्चिमेच्या गॅलरीत तर क्रेट ठेवूच नका, एप्रिलमध्ये आपल्याकडे जाळीसुद्धा तापते.)

आता ती वर्षाची झालीय. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत तेहेतीस, तिथेच थांबलीय. तेहेतीस अधिक तीन, छत्तीस. म्हणजे पहिल्या दिवशी खारीला नीट मोजून, व्हेटना तिच्या वाढीचा अंदाज विचारून घेतला असता तर ३६ च्यात जेमतेम का होईना भागलं असतं, फ्रिजचं दार पूर्ण उघडलं असतं. सासूबाईंनी हे एकदाच बोलून दाखवलं, माझ्या आईसमोर.

प्लाय छत्तीसवर कायमचा बसलाय. मागे उरलेल्या जागेचा अर्थात माळा झालाय, त्यात पट्टा, रेनकोट, दोन छत्र्या आणि बिस्किटांचा डबा. क्रेटच्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे, पेपरची रद्दी. खारी हल्ली दार उघडं असूनही आतच झोपते, पण डोकं दाराकडे नाही, मागे, नाक प्लायवूडला चिकटवून. आम्हाला वाटायचं सुरक्षित वाटतं तिला तिथे. परवा मी डबा उचलून स्वयंपाकघरात नेला, तर नाकही मागोमाग स्वयंपाकघरात आलं.